परत येणाऱ्यांचे काम
शहरातील बेघरांशी मैत्री आणि मंडळीतले तरुण : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

शनिवारी रात्री नवाच्या सुमारास मुंबईत भायखळा, परळ, दादर अशा ठिकाणी किंवा पुण्यात स्टेशनच्या आसपास चर्चच्या मंडळीतल्या पाचसहा तरुणांचा घोळका पदपथावर उतरतो. कुणाच्या हातात चहाचा थर्मास, कुणाकडे बिस्किटांचे पुडे, कुणाच्या पिशवीत जुनी पांघरुणे. असे गट पुष्कळ निघतात. त्यांतले काही वर्षानुवर्षे जात राहतात, काही दुसऱ्या नाताळापर्यंतही टिकत नाहीत. टिकणाऱ्यांत आणि थांबणाऱ्यांत फरक कशाचा, हा या अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न आहे. श्रद्धा, पैसा, स्वभाव या उत्तरांनी माझे समाधान होत नाही. मला वाटते, नेतृत्व करणाऱ्याने पहिल्या दिवशी मुलांना काय सांगितले यावर बरेचसे ठरते. ‘आपण वाटायला चाललो आहोत’ असे सांगितले असेल तर वाटायचे संपले की जाणेही संपते. ‘आपण अमक्या काकांना भेटायला चाललो आहोत आणि पुढच्या शनिवारी त्यांनाच पुन्हा भेटणार आहोत’ असे सांगितले असेल तर थर्मास रिकामा असला तरी मुलांचे पाय तिकडे वळतात.

या विषयाकडे पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. तुम्ही पाळकसाहेब असाल, धर्मग्रामाच्या युवक मंडळाचे प्रमुख असाल, तरुण संघाच्या चिटणीस असाल, समाजकार्याचे विद्यार्थी असाल, किंवा चर्चशी काही संबंध नसलेले आणि रोज त्याच पुलाखालून जाताना त्याच म्हातारीकडे बघून अस्वस्थ होणारे असाल. कायदा, लोकसंख्याशास्त्र, मानसोपचार, धर्मविद्या आणि स्थलांतराचा अभ्यास अशा पाच वाटा इथे एकत्र येतात. पाचही कुणा एकाला येत नाहीत. म्हणून या विषयात गट करूनच शिरावे लागते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती पुढच्या सगळ्या विवेचनात येणार आहे. मी हे झरीत बसून लिहितो आहे. परभणी तालुक्यातले, जिंतूर रस्त्यावरचे हे गाव. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन आणि पावसाकडे लागलेले डोळे. शहरी अर्थाचा बेघर माणूस इथे सहसा दिसत नाही. कुणाची तरी ओसरी, देवळाचा ओटा, भावकीतला एखादा दूरचा चुलता, काहीतरी आधार सापडतो. पण शहरातला बेघर माणूस आमच्यासारख्या गावांतूनच गेलेला असतो. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे मोठ्या संख्येने बाहेर काढली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कोरड्या वर्षी थोडी थोडी निघत राहिली. मनमाड–सिकंदराबाद मार्ग 1900 मध्ये पूर्ण झाला तेव्हापासून परभणीचे स्थानक मुंबईच्या वाटेवर आहे. संध्याकाळी गाडीत बसलेला माणूस सकाळी महानगरात उतरतो. उतरणाऱ्यांतले बहुतेक जण बांधकामावर, नाक्यावर, नातेवाइकाच्या खोलीत कुठेतरी सामावतात. मोजके सामावत नाहीत. शहरातल्या तरुणाला तो माणूस पदपथावर दिसतो आणि त्याची गोष्ट तिथूनच सुरू होते असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या गोष्टीचा पूर्वार्ध आमच्या शिवारात घडलेला असतो. या विषयावर शहरात बरेच लिहिले गेले, गावाकडच्या टोकावर मात्र फारच थोडे. ती उणीव भरून काढायला वाचकांतल्या काहींनी पुढे यावे, ही या प्रस्तावनेमागची माझी खरी इच्छा.

आधी आकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत घर नसलेल्यांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात 17.73 लाख माणसे मोजली गेली, त्यांतली 9.38 लाख शहरांत होती. 2001 च्या तुलनेत ग्रामीण भागातला आकडा उतरला होता आणि शहरांतला चढला होता. महाराष्ट्रात सुमारे 2.1 लाख, आणि त्यांतले सुमारे 57 हजार एकट्या मुंबईत. एका रात्रीत, टॉर्च घेऊन, झोपलेल्यांना उठवून केलेल्या मोजणीची मर्यादा उघड आहे. रात्रपाळीचा हमाल त्या वेळी बाजारात असतो, पोलिसांना बिचकणारा माणूस टॉर्च दिसताच उठून जातो, आणि चार बांबूंवर ताडपत्री टाकलेले कुटुंब घरात धरायचे की बेघरांत, हे मोजणारा त्या क्षणी ठरवतो. तरीही या आकड्यांचा मोठा उपयोग आहे. पदपथावर दिसतात ते सगळे भिकारी, व्यसनी किंवा वेडे, ही समजूत घेऊन आलेल्या मुलांना पहिल्याच बैठकीत सांगता येते की यांतले पुष्कळ लोक कामकरी आहेत. कुणी केटररकडे ताटे उचलतो, कुणी भंगार वेचतो, कुणी हातगाडी ओढतो. कामाच्या जागेपासून लांब गेले तर काम जाते, म्हणून ते तिथेच झोपतात.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयासमोर फार ठळकपणे आली होती. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवून आपापल्या मूळ ठिकाणी धाडण्याचे जाहीर केले. त्यातून उभा राहिलेला ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ हा खटला 1985 मध्ये निकाली निघाला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. कायद्याचे विद्यार्थी या निकालातले तत्त्व पाठ करतात. मी तरुणांना त्यातला अर्जदारांच्या हकिकतींचा भाग वाचायला सांगतो. त्यांत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून आलेला एक चांभार आहे. गावी तो दिवसाला सातआठ रुपये कमवायचा. गावातले घर पडले तेव्हा तो मुंबईला आला, बदली कामगार म्हणून महिना 350 रुपयांवर लागला, आणि तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला 300 रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाला 700 रुपये वेगळे लागले. दोन महिन्यांच्या पगाराहून तीनशे रुपये जास्त खर्च करून घेतलेली ती जागा होती. हा परिच्छेद नीट वाचलेला मुलगा ‘हे लोक इथे फुकट राहतात’ असे म्हणू शकत नाही.

त्याच सुमारास, 1984 मध्ये, स्पार्क ही संस्था भायखळ्याच्या परिसरात पदपथावरच्या बायकांबरोबर काम करू लागली. पुढच्याच वर्षी तिने ‘वी, द इनव्हिजिबल’ ही पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे सहा हजार कुटुंबांची माहिती त्या बायकांच्याच मदतीने गोळा झाली होती. ज्यांच्याविषयी माहिती गोळा करायची तेच माहिती गोळा करणारे, ही पद्धत या क्षेत्राने तिथून उचलायला हवी. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प 2006 पासून बेघर आणि निराधारांच्या प्रश्नावर काम करतो आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तास उघडे असे निवारा केंद्र उभारण्याचे आदेश दिले. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात अशा केंद्रांसाठी तरतूद झाली.

केंद्रे आहेत, तरी माणसे पदपथावर का, असे नवी मुले विचारतात. याचे उत्तर पदपथावरच्या माणसालाच विचारावे. पुरुषांचे केंद्र वेगळे आणि बायकांचे वेगळे असेल तर नवराबायकोची ताटातूट होते. भंगाराची गोणी आत नेऊ देत नाहीत. केंद्र कामापासून लांब असते. काहींना चार भिंतींची भीतीच बसलेली असते. यांतले कुठले कारण कुणाला लागू आहे, हे महिना-दोन महिने शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

तरुणांनी गरिबांच्या दारी जावे ही कल्पना नवी नाही, आणि तिचा उगम आपल्या विषयाला फार जवळचा आहे. 1832 च्या पटकीच्या साथीने पॅरिसची दैना झाली. पुढच्या वर्षी फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने काही मित्रांना घेऊन सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. मुलांकडे उत्साह होता, कुणाच्या दारात कसे उभे राहावे हे मात्र माहीत नव्हते. ते त्यांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवले. त्या मुफ्तार वस्तीत वर्षानुवर्षे राबत होत्या. त्यांनी कुटुंबांची नावे दिली, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या आणि वागण्याची रीत सांगितली. इतिहासात ओझानामचे नाव मोठे झाले आणि ते योग्यच आहे. पण आपल्या अभ्यासाची खरी नायिका मला सिस्टर रोझाली वाटतात. वीस वर्षांच्या पोरांचा उत्साह वाया जाऊ न देता तो वस्तीच्या उपयोगी पाडणारी, स्वतः मागे राहणारी अनुभवी बाई. तरुण गटाचा प्रमुख होऊ पाहणाऱ्याने आपण ओझानाम होणार की रोझाली, याचा विचार आधीच करावा. बहुतेक ठिकाणी गरज दुसरीची असते.

विसाव्या शतकात हेच रोममध्ये पुन्हा घडले. 1968 मध्ये आन्द्रेआ रिकार्दी आणि शाळकरी मित्रांनी शहराच्या कडेला असलेल्या झोपड्यांत जायला सुरुवात केली. त्यातून सांत एजिदिओ हा समुदाय उभा राहिला आणि आज तो जगातल्या सत्तरहून अधिक देशांत आहे. गरिबांशी मैत्री हाच त्यांच्या कामाचा गाभा. 31 जानेवारी 1983 रोजी रोमच्या तेर्मिनी स्थानकाजवळ मोदेस्ता वालेंती ही बेघर वृद्धा आजारी पडली. रुग्णवाहिका आली, पण अंगात उवा आहेत म्हणून तिला आत घेतले गेले नाही, आणि तासन्‌तास वाट पाहत ती वारली. सांत एजिदिओचे लोक दरवर्षी तिच्या नावाने प्रार्थनासभा घेतात आणि रस्त्यावर वारलेल्यांची नावे एकेक करून वाचतात. पुढे रोम महापालिकेने बेघरांची नोंद करण्यासाठी एक काल्पनिक रस्ता कागदावर आणला. त्याला मोदेस्ता वालेंतीचे नाव आहे. पत्ता नसलेल्या माणसाला त्या रस्त्याचा पत्ता देता येतो आणि त्यावर दवाखाना, पेन्शन, मतदान अशा हक्कांचे दार उघडते. रेशनकार्डासाठी पत्त्याचा पुरावा मागणाऱ्या खिडकीसमोर कुणा काकांना घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या मुलांना या काल्पनिक रस्त्याची किंमत लगेच कळेल.

आपल्या भूमीतला वारसा याहून कमी नाही, फक्त तो या नजरेने वाचला गेलेला नाही. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्तिसदन आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या बायका-मुली सर्वांना ठाऊक आहेत. मला त्याआधीच्या रमाबाई महत्त्वाच्या वाटतात. 1874 मध्ये आईवडील दुष्काळाने गेले, आणि ही मुलगी भावाबरोबर उपाशीतापाशी, पायी, तीर्थामागून तीर्थ ओलांडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. बेघरपण त्यांनी अंगावर काढले होते. मुक्तिसदनाची व्यवस्था त्यांनी पुस्तकावरून लावली नव्हती. दुसरे नाव गाडगेबाबांचे. नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी घर बांधले नाही. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांचे नातलग उतरतात. जागा पुरत नाही तेव्हा टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर रुग्ण आणि सोबतचे लोक पथारी टाकतात. त्यांत मराठवाड्यातलेही असतात. घर असून, शेत असून, उपचार पुरे होईपर्यंत ते शहरात बेघर असतात. अभ्यासकाने ही जात वेगळी ओळखायला हवी. त्यांना निवाऱ्याइतकीच गरज असते ती रांग कुठली, कागद कुठला, फाटक कुठले हे समजावून सांगणाऱ्याची.

आणि डॉ. भरत वाटवानी. 1988 मध्ये त्यांनी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान सुरू केले. मुंबईत नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचारानंतर कळले की तो आंध्रातला पदवीधर आहे. रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याचे काम त्यातून वाढत गेले. 2006 पासून कर्जतला त्यांचे मोठे केंद्र आहे, आणि 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर हजारो माणसे आपापल्या घरी गेली होती. श्रद्धाचे कार्यकर्ते रुग्णाला घेऊन रेल्वेने, एसटीने, शेवटी पायी त्याच्या गावापर्यंत जातात. मी ज्या दुसऱ्या टोकाविषयी बोलतो आहे तिथे पोहोचणारे हे काम आहे.

आता तरुणांच्या नेतृत्वाकडे वळू. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तात्त्विक लिखाण भरपूर आणि रोजच्या रीतीवरचे तुटपुंजे, अशी या क्षेत्राची स्थिती आहे.

जागा, वार आणि वेळ एकच ठेवावी. पाचसहा जणांहून मोठा गट नेऊ नये, कारण पंधरा जण उतरले की लोकांना वाटपाची गाडी आली असे वाटते आणि रांग लागते. एकदा रांग लागली की बोलणे संपले. दोघांदोघांनी एका पथारीपाशी जावे आणि परवानगी विचारून बसावे. उभे राहून, वाकून बोलू नये. अंथरलेली सतरंजी ही त्या माणसाची ओसरी आहे, तेव्हा तिच्या काठाशी चपला काढाव्यात. ही रीत कुठल्या परदेशी पुस्तकात सापडणार नाही, पण मराठी माणसाला ती सांगावी लागू नये. काका, मावशी, आजी, दादा म्हणावे. ‘इथे का राहता?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत तोंडातून निघू नये. आमच्याकडे अनोळखी माणसाला ‘पाव्हणं, कोणतं गाव?’ असे विचारतात आणि तेवढ्यावर तासभर बोलणे होते. बहुतेक जण आधी जिल्ह्याचे नाव सांगतात, कारण गावाचे नाव शहरात कुणाला ठाऊक नसते. ‘परभणी’ असे उत्तर आले तर ‘परभणीत कुठे?’ असे विचारणारा मुलगा त्या माणसाला कित्येक वर्षांत भेटलेला नसतो. म्हणून गटप्रमुखाने मुलांना महाराष्ट्राचा नकाशा शिकवावा. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड ही नावे ऐकून ज्याला काही आठवते तो बोलणे पुढे नेऊ शकतो.

फोटो काढू नयेत, अगदी पाठमोरेही नाहीत. नवऱ्याच्या मारामुळे पळालेल्या बाईचा फोटो फेसबुकवरून कुठे पोहोचेल हे सांगता येत नाही. नाव, गाव, आजार यांची वही ठेवायची असेल तर ती एकाच्या ताब्यात असावी आणि लिहिण्याआधी विचारावे. पैसे द्यायचे की नाही हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवू नये, ते गटाने एकत्र ठरवावे आणि सर्वांनी सारखे पाळावे. जेवणाआधी चौकशी करावी. सणाच्या रात्री एकाच पुलाखाली चार मंडळे पुऱ्या वाटून जातात आणि मंगळवारी तिथे कुणी फिरकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय नेऊ नये, आणि मुलींच्या जोडीला घरी पोहोचवण्याची जबाबदारी आधीच नेमून द्यावी.

केव्हातरी पथारीवरचा माणूसच चहा मागवतो आणि ‘घ्या’ म्हणतो. हा क्षण फार महत्त्वाचा आहे. मुले बिचकतात. कुणाला ग्लास स्वच्छ वाटत नाही, कुणाला त्याच्या दहा रुपयांचे वाईट वाटते. प्रमुखाने पहिला ग्लास उचलावा. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही त्याच्याशी आपली मैत्री होत नाही, फक्त उपकार होतात, आणि उपकाराखाली दबलेला माणूस पुढच्या शनिवारी जागा बदलतो.

परीक्षा आणि पावसाळा या दोन काळांत गट मोडतात. फेब्रुवारीपासून मुले अभ्यासाला लागतात आणि काही न सांगता येणे बंद करतात. आपल्याला ते साहजिक वाटते. पथारीवरच्या माणसाच्या लेखी मात्र आयुष्यात आणखी कुणीतरी काही न सांगता निघून गेलेले असते. म्हणून आधी जाऊन सांगावे की अमुक आठवडे आम्ही येणार नाही, अमुक शनिवारी येऊ, आणि त्या शनिवारी पोहोचावेच. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की माणसे पुलाखाली, दुकानांच्या फळ्यांखाली, रेल्वेच्या जिन्यांकडे सरकतात. मे संपण्यापूर्वी ‘पावसात कुठे असाल?’ हे विचारून ठेवले नाही तर ऑगस्टपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही. शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवर प्रवचने खूप होतात. जखमा बांधणे, गाढवावर बसवणे, खाणावळवाल्याला पैसे देणे या गोष्टींवर भर असतो. परतीच्या वाटेवर मी पुन्हा येईन आणि वरचा खर्च भागवीन, असे तो सांगून जातो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. मला ती सगळी गोष्ट त्या एका वचनात आहे असे वाटते.

भेटीनंतर अर्धा तास तरी गटाने एकत्र बसावे. चर्चच्या पायऱ्यांवर, चहाच्या टपरीवर, कुठेही. कुणाला काय दिसले ते बोलावे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला व्हाइटनर हुंगताना पहिल्यांदा पाहिलेली एकोणीस वर्षांची मुलगी ते मनात घेऊन घरी एकटी गेली तर पुन्हा येणार नाही, किंवा येईल आणि आतून बधिर होईल. या बैठकीतच मुलांच्या तोंडून निघालेली वचनेही तपासावीत. ‘मी तुम्हाला नोकरी लावतो’, ‘मी तुमच्या मुलाला शोधतो’ अशी वाक्ये प्रेमापोटी निघतात. ती पुरी होत नाहीत तेव्हा मैत्री तुटते.

तरुणांना जे सहज येते ते मात्र भरपूर करावे. केईएम, सायन, जेजेच्या बाह्यरुग्ण विभागात सोबत जाणे, केसपेपर काढणे, डॉक्टरांनी घाईत सांगितलेले पुन्हा समजावणे, मोबाइलवर अर्ज भरणे. दाखल होताना ‘नातेवाईक कोण?’ हा प्रश्न येतो आणि तिथे बेघर माणूस एकटा पडतो. शेजारी कुणी उभे असले तर वॉर्डातल्या वागणुकीत फरक पडतो. कायद्याची तीन-चार कलमेही मुलांना माहीत असावीत. 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे, आणि पहिल्याच खेपेला दोषी ठरलेल्या माणसाला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 100 नुसार भरकटलेल्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. ठाण्यात जाऊन हे कलम नम्रपणे सांगता येणारा एक तरी सदस्य गटात हवा.

धर्माविषयी स्पष्ट बोलायला हवे. हे गट चर्चचे आहेत, प्रार्थना करून निघतात, आणि पथारीवरची बहुतेक माणसे ख्रिस्ती नसतात. कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तर करावी. चहाच्या, गोळ्यांच्या, सोबतीच्या मोबदल्यात काही ऐकवू नये, पत्रके वाटू नयेत. ज्याच्यापाशी काही नाही त्याला नकार देणे परवडत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काही अर्थ नसतो. वढू बुद्रुकला सिस्टर लुसी कुरियन यांनी 1997 मध्ये सुरू केलेल्या ‘माहेर’मध्ये सर्व धर्मांचे सण आणि प्रार्थना नांदतात. सिस्टरच्या स्वतःच्या श्रद्धेला त्यामुळे काही उणेपणा आलेला नाही. मंदिराच्या मंडळाने, मशिदीच्या तरुणांनी, गुरुद्वाराच्या लंगरवाल्यांनी त्याच पुलाखाली काम चालवले असेल तर वार वाटून घ्यावेत. त्यात सगळ्यांचेच भले आहे.

शेवटी गावाकडचे टोक. माणूस बरा झाला, बोलता झाला, गावाचे नाव सांगू लागला की गटाला घाई होते. लगेच सरपंचाला फोन, लगेच तिकीट. थांबावे. तो स्वतः जायला तयार आहे का, हे एकदा नाही तर पुन्हा पुन्हा विचारावे. काहींच्या दृष्टीने गाव म्हणजे कर्ज, मार, बदनामी. जे जायला तयार असतात त्यांच्यासाठीही गाव तसेच राहिलेले नसते. सातबाऱ्यावर भावांची नावे चढलेली असतात, रेशनकार्डातून नाव कमी झालेले असते, बायकोने दुसरे घर केलेले असते, लेकीचे लग्न ‘बाप नाही’ असे सांगून झालेले असते. अशा घरात माणूस परत सोडणे ही कामाची सुरुवात ठरते. पुढचे सहा महिने गोळ्या चालू आहेत का, शेजारी बोलतात का, जमिनीचा वाद पेटतो का, हे पाहणारे गावात कुणीतरी लागते. आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी यांच्यापैकी कुणीही चालेल. मराठवाड्यात छोट्या ख्रिस्ती मंडळ्या विखुरलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात रे. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले, तेव्हापासून माणसांना वस्तीत सामावून घेण्याचा अनुभव या मंडळ्यांच्या इतिहासात आहे. मुंबईतल्या एखाद्या धर्मग्रामाने इकडच्या एखाद्या मंडळीशी किंवा ग्रामपंचायतीशी कायमची ओळख ठेवली तर परत येणाऱ्या माणसाला दोन्हीकडे ओळखीचे लोक मिळतील. अशी जोडणी करून तिचे निरीक्षण पाच वर्षे नोंदवत राहणारा अभ्यास व्हायला हवा. परत आलेले किती टिकले, किती पुन्हा गेले, कुठल्या महिन्यात गेले, कशामुळे गेले, हे सगळे त्यात यावे. एखाद्या विद्यार्थ्याच्या पीएच.डी.ला पुरून उरेल इतके काम त्यात आहे आणि त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही.

ज्यांना मुंबई-पुणे लांब वाटते त्यांनी परभणीपासून सुरुवात करावी. 2011 मध्येच शहराची वस्ती तीन लाखांवर होती. स्थानक आहे, बसस्थानक आहे, जिल्हा रुग्णालय आहे, फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा दूरदूरचे फिरस्ते येतात आणि काही मागे राहतात. देवगिरी आणि तपोवन या गाड्यांमधून उतरणारे आणि चढणारे लोक रोज पाहणारे हमाल आणि चहावाले तिथे आहेत, आणि कोण कधीपासून फलाटावर झोपतो हे त्यांना तोंडपाठ आहे. तरुण संघाच्या मुलांनी पहिला महिना त्यांच्याशीच बोलण्यात घालवावा.

झरी, जि. परभणी